आणखी एक रविवार

एका गावात एक तळं होतं, आणि तळ्याकाठी गावानं मिळून उभारलेलं पाखरघर होतं. जखमी पाखरं, जनावरं तिथं आणायची, बरी करायची आणि सोडून द्यायची, असा गावाचा नेम. दर रविवारी पोरांना जमवून या पाखरा-जनावरांची माहिती सांगायची, हेही तिथल्या रखवालदाराचंच काम. या रखवालदाराला सगळे म्हाळूकाका म्हणत.

काका एकटे. घरी वाट बघणारं कुणी नाही. आणि खरं सांगायचं तर रविवारीही कुणी फिरकत नसे. एक लंगडं कासव आणि दोन घुबडं, तीही दिवसभर झोपलेली; पोरांनी बघावं तरी काय? काका सकाळी सतरंजी अंथरायचे आणि संध्याकाळी तशीच गुंडाळून ठेवायचे.

एका हिवाळ्यात पंख मोडलेली चक्रवाकी आली. केशरी अंग, काळेभोर टपोरे डोळे. तिला बघायला पोरांची ही झुंबड उडाली! ही पाखरं हिमालयापलीकडून येतात, उन्हाळा लागला की परत जातात, असं काका रंगवून सांगत आणि पोरं त्यांना बिलगून ऐकत. आता रविवार उजाडायची खोटी, की काकांचं अंगण भरून जाई.

पण तिचा जोडीदार बाहेर तळ्यावर होता. संध्याकाळ झाली की तो कुंपणाजवळ येऊन साद घाली, आणि ही आतून उत्तर देई.

फाल्गुनात पाखरघरात औषधपाणी करणाऱ्या वैदीणबाईंनी तिचा पंख उलगडून पाहिला. "हाड छान जुळलंय. सोडा आता हिला."

"सोडतोच की," काका म्हणाले. "एवढा रविवार होऊ द्या. पोरांना निरोप तरी घेऊ द्या."

तो रविवार झाला. मग शेजारच्या गावची पोरं येणार होती, मग यात्रेची सुट्टी लागली. काका काही दुष्ट नव्हते हो, पण सबबी शोधायला बसलं की त्या सापडतातच.

"अहो, बाकीचा थवा कधीच गेला," बाई एकदा चिडून म्हणाल्या. "तो एकटाच थांबलाय तिच्यासाठी. तो तरी किती थांबेल?"

"शेवटचा एक रविवार, बाई."

चैत्राचं ऊन तापलं, तळं आटू लागलं. एका संध्याकाळी चक्रवाकीनं साद घातली आणि बाहेरून उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. काकांनी कुंपणापाशी जाऊन पाहिलं, तर तळ्यावर कुणीच नव्हतं.

रविवारी पोरांच्या देखत त्यांनी दार सताड उघडलं. चक्रवाकी उडाली. तळ्यावर तिनं तीन घिरट्या घातल्या, हाका मारल्या, पुन्हा मारल्या. मग खाली उतरली आणि आपल्या पायांनी आत येऊन कोपऱ्यात बसली.

पोरांनी टाळ्या पिटल्या. "काका, ती आपल्यासाठी परत आली ना?" एका चिमुरडीनं विचारलं.

"नाही गं बाळा," काका खाली बघत म्हणाले. "तिच्यासाठी कुणीतरी थांबलं होतं, तेव्हा मी दार उघडलं नाही. आता ती जाणार कुणाकडं?"

पुढं रोज संध्याकाळी ती तळ्याकडं मान उंचावून साद घाली, उत्तरासाठी थांबे आणि पुन्हा साद घाली. काका शेजारी बसून ऐकत. त्यांनाही तिच्याइतकंच वाटे, की आज तरी उत्तर यावं.

तात्पर्य: कुणाला मोकळं करायचंच असेल, तर त्याची वाट बघणारं कुणी आहे तोवर करावं.