हाताला रजई, पाण्याला साखर

"कागद हवा तो असा! हाताला रजई, पाण्याला साखर! उद्या संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर धाकू, पुढच्या बंदरावर तुला गाठोड्यासकट उतरवीन!"

माडगडचे राजे रत्नसेन भर पंगतीत गरजले. त्यांच्या सफरी जहाजावरचा नळकामगार धाकू मान खाली घालून उभा होता. आणि पोळ्यांची चळत घेऊन आलेली त्याची लेक आवडी अशी दचकली, की वरची पोळी थेट दिवाणजींच्या मांडीवर!

भांडण होतं संडासातल्या कागदाचं. लेकीच्या सासरच्यांना समुद्र दाखवायचा म्हणून राजांनी मोठ्या थाटात जहाज काढलं. पहिल्याच सकाळी विहीणबाईंनी नाक मुरडलं.

"झुंबरं छान आहेत हो तुमची, व्याहीमहाराज. पण कागद? इतका पातळ, की त्यातून झुंबर दिसतं!"

विहिणीचा टोमणा तो! राजांना घास उतरेना. वाटेतल्या बंदरावर त्यांनी जाड, मऊ, फुलाफुलांचा कागद चढवून घेतला. दुपारपर्यंत सगळं गोड होतं. मग तुंबलं! जहाजाचे पाइप मनगटाएवढे. तिथं बादलीभर पाण्यानं काही वाहून जात नाही, आतली हवाच सगळं फुस्सकन ओढून नेते. एका खोलीत बोळा अडकला, की ओळीतल्या साऱ्या खोल्यांचा श्वास कोंडतो. अख्खं वऱ्हाड खलाशांच्या एकुलत्या एका संडासापुढे रांगेत उभं राहिलं. विहीणबाईंच्या पुढे जहाजाचा आचारी होता, आणि तो काही नंबर सोडेना!

"महाराज, सरळ तांब्या ठेवू का?" धाकूनं भीत भीत विचारलं.

"तांब्या? काल लाट आली तेव्हा विहीणबाईंचा तांब्या त्यांच्याच शालूवर कलंडला, ते विसरलास? कागदच हवा! हातात फाटता कामा नये, पाइपात राहता कामा नये!"

"असा कागद जगात नाही, महाराज."

"मग तूही जहाजावर नाहीस!"

हातातली चळत सावरत आवडी पुढे झाली. तशी ती भोंगा वाजला तरी दचकायची. पण घाबरली, की तिची जीभ तिच्या आधी पळायची.

"मिळेल महाराज! उद्या संध्याकाळी!"

बोलून गेली आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"काय बोलून बसलीस गं!" भटारखान्यात शिरताच धाकूनं कपाळाला हात लावला. "भर समुद्रात कागद काय कोळंबीसारखा जाळ्यात येतो?"

"मला तरी काय माहीत, बाबा! तोंडातून गेलं."

धाकूनं रात्रभर खपून पाइप मोकळे केले, पण दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी कागदाचं काही सुचेना. आवडी पोळ्या लाटत होती, पोळीपेक्षा पोळपाटच जास्त लाटला जात होता. धाकूनं समोरची घडीची पोळी नुसतीच तोडली. वाफ निघाली, पदर सुटले. आवडी बघतच राहिली.

"बाबा, तो जाड कागद पाण्यात का सुटत नाही?"

"त्याचे पदर चिकटवलेले असतात. भिजला की बोळा होतो."

"आणि आपला पातळ?"

"तो काय, पाणी दिसलं की विरघळला!"

आवडीनं पीठ झटकलं. "पातळ कागदाच्या तीन गुंडाळ्या आणा. आणि ते लाटणं द्या इकडे!"

संध्याकाळी तिनं राजांपुढे तबक धरलं. तबकात एक गुबगुबीत गुंडाळी. विहीणबाईंनी ती गालाला लावून पाहिली.

"अगं बाई! सशाचा कानच जणू!"

राजांच्या भुवया चढल्या. "हा तर जाड आहे! पुन्हा तुंबलं तर?"

"तर बाबांबरोबर मलाही उतरवा," आवडी म्हणाली. जीभ काही थांबेना. "पण पारख महाराजांनी स्वतः करावी!"

राजे गुंडाळी घेऊन राज्याभिषेकाला निघाल्यासारखे आत गेले. दार लागलं. बाहेर सारा दरबार कान टवकारून उभा. धाकूनं डोळे मिटले. दिवाणजींनी घसा खाकरला, तर विहीणबाईंनीच त्यांना डोळ्यांनी दटावलं.

फुस्स्स्स!

आवडी वीतभर उडाली. मागोमाग पुन्हा एकदा फुस्स! मग आणखी एकदा! राजांना खेळच सापडला होता. शेवटी ते मिश्या पिळत बाहेर आले.

"सगळं गेलं! पण पोरी, हा कागद आणलास कुठून?"

"आपल्याच कोठारातून, महाराज. तोच पातळ कागद. तीन गुंडाळ्यांचे पदर एकावर एक धरले आणि लाटण्यावर गुंडाळले. ना डिंक, ना खळ."

"म्हणजे तोच दरिद्री कागद? आम्हाला फसवलंस?"

"फसवलं कसं? हाताला जाड हवा होता, जाड दिला. पाण्याला पातळ हवा होता, पातळ दिला!"

"पण एकच कागद इथे जाड आणि तिथे पातळ, हे कसं?"

"त्यात काय, महाराज!" आवडीनं एका दमात सांगून टाकलं. "हातात असेपर्यंत एकत्र कुटुंब. पाण्यात पडलं, की ज्याची त्याची वेगळी चूल!"

दिवाणजींनी चटकन विहीणबाईंकडे पाहिलं.

"मेली आमच्याच घरचं बोलतेय की!" विहीणबाई पदर तोंडाला लावून खुदखुदल्या. आणि राजे! ते इतके हसले, की टोप घसरून डोळ्यांवर आला.

"धाकू, आजपासून जहाजाचा एकेक नळ तुझ्या हुकमात! दिवाणसुद्धा तुला विचारून आत जातील!" असं म्हणत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीच्या हातात चढवलं.

सफर संपली तेव्हा राजांनी विहिणीला जरीचा शालू पुढे केला. विहीणबाईंनी तो हळूच बाजूला सारला.

"शालू ढीगभर आहेत हो घरी, व्याहीमहाराज. आहेरच करायचा, तर आवडीच्या हातच्या टोपलीभर गुंडाळ्या द्या!"