फणसाच्या पोटातली मिरी

झाडं बोलत होती आणि माणसांना ते ऐकू येत नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. एक साळुंकी दूरच्या अरण्यात शिकून गावी परतली. तिला वाटलं होतं, आपला फणस फांद्या हलवत विचारील, "आलीस का गं? काय काय शिकलीस?" पण तिथं नुसता बुंधा उरला होता आणि शेजारच्या पडवीतून घरघर ऐकू येत होती.

पडवीत भिवा मेस्त्री लेथवर लाकूड कातत होता. पिवळाधमक भुसा उडत होता. फळीवर मीठदाणी आणि मिरदाणी जोडीनं उभ्या होत्या. ओळखीचा वास आला आणि साळुंकी फळीवर उतरली.

"फणसदादा, हा तू?"

"अर्धा मी, अर्धा ही मीठदाणी," मिरदाणी हसली.

"आणि हसतोस?"

"मग काय करू? ज्या मिरवेलीला अंगाखांद्यावर वाढवलं, तिचीच मिरी आता पोटात भरणार!"

"आणि वेल कुठाय?"

साळुंकी भुर्रकन बाहेर उडाली.

वेल बुंध्याजवळ धुळीत पडली होती. शेळीनं तिची पानं कुरतडली होती. साळुंकी हादरली, मग संतापून बोलतच सुटली. झाडांचे हक्क, माणसांचा स्वार्थ, शिकलेलं सगळं तिनं ऐकवलं. सूर्य बुडाला तरी ती थांबेना.

"पुरे गं बाई," वेल कण्हली. "मला ऐकायला नको, धरायला काहीतरी दे."

सकाळी साळुंकीनं वेलीचा कोवळा शेंडा चोचीत उचलला, शेजारच्या सुपारीच्या खोडाला टेकवला आणि ठरवलं, तो चिकटेपर्यंत चोच उघडायची नाही.