केळफूल आणि कंपनीचा दावा

राजापूरच्या सत्यभामाआक्का हिरडा आणि लोखंडाचा कीस उकळून काळी शाई करीत. एका बड्या कंपनीने त्यांच्यावर पेटंट चोरल्याचा दावा ठोकला. हरल्या, तर चाळीस वर्षं पेटलेली चूल विझणार होती.

कोर्टात कंपनीचे वकील खानविलकर गरजले, "पेटंट नीट वाचा, आजी! कोणत्याही झाडाचा तुरट रस लोखंडाला लागून पाण्याने न जाणारा काळा रंग झाला, की तो आमचा!"

"पटलं हो," म्हणत आक्कांनी न्यायाधीशांच्या परवानगीने लोखंडी विळी मांडली. "एवढं केळफूल चिरा, साहेब. हाताला तेल मात्र लावू नका."

न्यायाधीश हसून म्हणाले, "चिरा की!"

वकिलांनी ऐटीत चिरलं. बोटं काळीकुट्ट झाली, धुतली तरी डाग जाईनात.

"आता स्वतःवर दावा ठोका. आणि भाजी करणाऱ्या तुमच्या आईवरही!"

"छे! हे आमच्या पेटंटात कसं येईल?" वकील चिडले. "आमचं प्रमाण ठरलेलं, रसायन ठरलेलं, भट्टी ठरलेली!"

"अस्सं! मग त्यातलं माझ्या चुलीवर काय आहे, तेवढं दाखवा."

वकिलांनी पेटंटाचे कागद उलटसुलट चाळले; त्यातलं एकही आक्कांच्या चुलीवर निघालं नाही. दावा तिथेच निकालात निघाला.

निघताना आक्का म्हणाल्या, "बोटांना लिंबू चोळा, साहेब. त्याचं पेटंट अजून कुणी घेतलं नाही."