झालरफुलाचा बांध

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात मधमाश्यांना घरच्यांइतकाच मान असे. प्रत्येक घराच्या जाड भिंतीत एक कोनाडा आणि कोनाड्यात एक पोळं. घरात नवी सून आली की पोळं तिच्या नावावर. त्या वर्षी माश्या नांदल्या तर सुनेचा पायगुण चांगला, उठून गेल्या तर वाईट. माश्यांना कारण विचारायची पद्धत नव्हती.

अशा एका घरात एक अबोल सून आली. माहेराहून तिने ओल्या फडक्यात गुंडाळून झालरफुलाची मुळं आणली होती. फूल निळसर जांभळं, कडेने झालर, खाली खवल्याखवल्यांची इवलीशी टोपली. एकदा रुजलं की दरवर्षी मुळातून पुन्हा फुटणारं.

सासू प्रेमळ होती, म्हणजे कोणाचं ऐकणारी नव्हती. तिने मुळं परसातल्या सगळ्यांत काळ्याभोर वाफ्यात लावली, वर शेणखताची टोपली रिकामी केली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. रोपं भराभर वाढली आणि तितक्याच भराभर आडवी झाली.

"तुझ्या माहेरची झाडं भारीच झोपाळू गं!" थोरली जाऊ हसली.

"झोपाळू नाहीत, जाऊबाई," सून म्हणाली. "त्यांना जेवण जास्त झालंय."

तिने रोपं काढली आणि परसाच्या कडेच्या खडकाळ बांधावर, भर उन्हात, मोकळं अंतर ठेवून लावली. पाणी मूळ धरेपर्यंतच दिलं. पोरगी झाडांना उपाशी मारतेय, असं सासू शेजारी सांगून आली. पण वसंतात बांध निळा झाला, माश्या तुटून पडल्या, आणि सासू येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून बांध दाखवू लागली.

त्या गावावर दरवर्षी एक अवघड काळ येई. वसंताची फुलं सरत, रानातली फुलं उशिरा येत. मधल्या कोरड्या दिवसांत उपाशी माश्या पोळं सोडून पलीकडच्या खोऱ्यात निघून जात. तो काळ तोंडावर आला, बांधावरची फुलं उतरू लागली, तशी सून विळा घेऊन निघाली.

"अगं थांब!" सासू धावत आली. "अजून निम्मी फुलं आहेत त्यावर. माश्या बसल्यात. कापलंस आणि पोळं उठलं, तर गाव तुला जगू देईल का?"

"आत्याबाई, ठेवलं तर ही रोपं बी धरून गप्प बसतील. आत्ता कापलं तर पुन्हा फुलतील."

"आणि नाही फुलली तर?"

सुनेने विळ्याची मूठ घट्ट धरली. "तर बोल मला लागेल. म्हणूनच विळा तुमच्या हातात देत नाही."

बुडाची पानं तेवढी ठेवून तिने सगळा बांध कापून काढला.

मग पाणवठ्यावर तिच्याकडे पाठ फिरवून बायका बोलू लागल्या, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. एकेका घराचं पोळं उठत होतं. सून रोज कोनाड्याला कान लावायची. आतली गुणगुण बारीक होत चालली होती.

एका सकाळी सासूची हाक आली, "सूनबाई, पळत ये!"

बांध फुलला होता. पहिल्यापेक्षा बुटका, पण निळाशार. आणि त्यावर माश्यांची अशी झुंबड की फुलं वाऱ्याशिवाय हलत होती. त्या वर्षी देवीच्या नैवेद्याला मध गेला तो याच घरातून, ढोल वाजवत. पुढे सून, मागे अख्खं गाव. पाणवठ्यावरच्या बायका सगळ्यांत पुढे घुसत होत्या.

"एक मूळ दे ना गं," थोरली जाऊ हळूच म्हणाली.

"देईन की. पण आत्ता नाही, मुळांचा गड्डा भरू द्या. थंडीत पानं वाळतील, तेव्हा मेलं म्हणून उपटू नका. नंतर फोडून सगळ्यांना वाटू."

"आणि खत घालू नका बरं!" सासूने बजावलं. "मी पहिल्यापासून सांगतेय."

काही वर्षांत गावातला बांधन् बांध निळा झाला. पोळी उठेनाशी झाली आणि पायगुणाची गोष्ट कोणी काढेनासं झालं. आता त्या गावात नवी सून उंबरठा ओलांडते, तेव्हा तिच्या हातात विळा देतात.

तात्पर्य काय, तर हातचा बहर नुसता कवटाळून राहतो त्याला तेवढाच मिळतो. जो वेळेवर कापायचं धाडस करतो, त्याच्या दारी बहर पुन्हा येतो.