पिंजू आणि गावाची झोप

कोकणात माडांच्या दाटीत लपलेलं सुरंगखोल नावाचं एक गाव होतं. गावाच्या टोकाला, जिथे वाट संपून काजूची झाडं सुरू होतात, तिथे तुळसा आणि तिची आई राहायच्या. आईला ती ‘आये’ म्हणायची.

आये दिवसभर माडाच्या झावळ्या विणायची. विणलेली ती झापं दुसऱ्यांच्या छपरांवर जायची. यांच्या स्वतःच्या छपराला मात्र इतकी भोकं, की दुपारी सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे गोल गोल कवडसे नाचायचे. जेवायला पेज, आणि तीही बहुधा पातळच.

पण तुळसाकडे जे होतं, ते गावात कुणाकडेच नव्हतं. तिच्याकडे पिंजू होता! पांढराशुभ्र, इवलुशा गुलाबी नाकाचा ससुला. घरात माठाची एकच जुडी आली तरी तिचे कोवळे कोवळे शेंडे पिंजूला मिळायचे, आणि देठ या दोघींना. आये कधीतरी रागवायची, पण लुटुपुटीचंच.

या गावाची एक जुनी रीत होती. दर तीन वर्षांनी सगळं गाव घरदार सोडून तीन दिवस व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, राहायला जायचं. त्याला म्हणत गावपळण. माणसांबरोबर गाई, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी जायची. चुली विझायच्या, दारं लोटली जायची. गावात एकही जीव मागे ठेवायचा नाही, आणि तिसऱ्या दिवशी देवाने होकार दिल्याशिवाय कुणी परत पाऊल टाकायचं नाही. मोठ्यांची निघायची धांदल, आणि मुलांना नुसता आनंदीआनंद! माळावर झापांच्या राहुट्या, उघड्यावरच्या चुली आणि अभ्यासाला चक्क सुट्टी.

त्या वर्षी आयेने साऱ्या गावासाठी झापं विणली. सगळ्यांना देता देता स्वतःसाठी उरली ती तुटकी पाच. तुळसाने त्यांचीच चिमुकली राहुटी उभी केली, आत पिंजूसाठी गवताची मऊ गादी केली आणि आयेला हाक मारली.

“आये, पिंजूची टोपली दी गो.”

आयेच्या हातातली कळशी तशीच राहिली. “टोपली? ती तू घेतलंस ना?”

“मी? माका वाटला, तू घेतलंस!”

पिंजू घरीच राहिला होता. अंगणात, पालथ्या टोपलीखाली. त्याला कुणी पळवू नये म्हणून टोपलीवर तुळसानेच दगड ठेवला होता. तीन दिवस! ना पाणी, ना पाला.

तुळसा धावत गावाच्या प्रमुखाकडे, भिवाआबांकडे गेली. आबा मनाने लोण्याहून मऊ, पण रीत म्हणजे रीत.

“नाय गो बाये,” त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “आता परत जावक मिळूचा नाय. देवाचो शब्द कसो मोडूचो?” बोलताना त्यांचेच डोळे भरून आले.

तुळसा व्हाळाच्या काठी केवड्याच्या बनात जाऊन बसली आणि हमसून हमसून रडली. ऊन कलत होतं. पाणी आधी पिवळं झालं, मग केशरी, मग गुलाबी. तेवढ्यात केवड्याचं एक कणीस हळूच उलगडलं, घमघमाट सुटला आणि आतून एक बोटभर परी बाहेर आली. तिच्या पंखांवर सोनेरी भुकटी चमचमत होती.

परी असली म्हणून काय झालं, होती ती इथलीच. बोललीही इथल्यासारखीच.

“रडा नको, चेडवा. माका सांग, गावात ह्या कोणाचा काळीज धडधडता? तीन वर्षांनी माझ्या गावाक झोपूक मिळता. मी विहिरींक अंगाई म्हटलंय, वाटांक थोपटलंय. पण ह्या एवढ्याशा धडधडीन गावाचो डोळो लागत नाय.”

“तो माझो पिंजू!” तुळसा हुंदके देत म्हणाली. “टोपलीखाली अडाकलो हा. तू काढशीत त्याका?”

परीने मान हलवली. “माणसान ठेवलेलो दगड माझ्यान उचलना नाय. पण ही घे.” तिने केवड्याच्या तीन नाजूक पिवळ्या पाती तुळसाच्या ओंजळीत ठेवल्या. “एका पातीक एक मागणा, आणि सांगून फुंकर मारूची. पण नीट आयक. जो डोळ्यांसमोर आसा, त्याच्यासाठीच मागूचा. दिलेल्याची परतफेड मागूची नाय. आणि सूर्य बुडालो, की पात सुकली.”

तुळसाचा चेहरा पडला. पिंजू कुठे होता डोळ्यांसमोर? पाती मुठीत घट्ट धरून ती माळाकडे निघाली. मनात एकच होतं. आबांचं मन बदलेल, कुणीतरी पिंजूला आणेल, आणि तोवर एक तरी पात जपायची.

वाटेत शेजारच्या दाजींचं तांबूस वासरू हंबरत उभं होतं. त्याच्या खुरात बाभळीचा काटा रुतला होता. तुळसा दोन पावलं पुढे गेली आणि परत फिरली. पात फुंकरीने उडाली, काटा गळून पडला आणि वासरू टुणकन उडी मारून आईकडे पळालं.

पुढे एक कोंबडी पिसं पिंजारून बसली होती. परक्या माळावरच्या गार वाऱ्यात तिची पिवळी पिल्लं कुडकुडत होती आणि आईच्या पंखांत सगळी मावत नव्हती. दुसरी पात उडाली. कोंबडीचे पंख असे उबदार, असे मोठे झाले, की नऊच्या नऊ पिल्लं आत गुडुप.

आता उरली एकच पात. सूर्य अर्धा डोंगरामागे गेला होता.

व्हाळाच्या कडेला म्हातारा खंड्या कुत्रा विव्हळत पडला होता. येताना शेवाळलेल्या दगडावरून घसरून त्याचा पाय मुरगळला होता. तुळसाने पात पाठीमागे लपवली. “ही माझ्या पिंजूची हा रे,” ती कळवळून म्हणाली. खंड्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि शेपटी एकदाच हलवली.

तुळसाला ते बघवेना. पिंजूही असाच एकटा पडला असेल, असाच वाट बघत असेल. तिने डोळे घट्ट मिटले, उघडले आणि फुंकर मारली. “खंड्याचो पाय बरो होऊंदे.”

पात उडाली. सूर्य बुडाला.

खंड्या उठला, अंग झाडलं आणि तिचे हात चाटू लागला. त्या हातांना पिंजूचा वास येत होता. खंड्याने एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं आणि गावाकडे मान वळवली. ‘जा’ हा शब्द तुळसाच्या अगदी ओठांवर आला, पण परतफेड मागायची नव्हती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आणि खंड्याने आपण होऊन पाण्यात उडी टाकली.

“आबानू, कुत्रो गावात चललो!” कुणीतरी ओरडलं.

“जाऊंदे,” भिवाआबा घाईघाईने म्हणाले. “रीत माणसांची. कुत्र्याक ती कोणी शिकवल्यानी?”

वाट बघता बघता अंधारून आलं. राहुट्यांसमोर कंदील लागले. शेवटी पलीकडे दोन डोळे चमकले. दगडासकट टोपली उलथवून आलेल्या खंड्याच्या तोंडात मानगुटीला अलगद धरलेला पिंजू होता! पण काळोखात खंड्याला उथळ जागा सापडेना. तेवढ्यात ते तांबूस वासरू नेमकं उतारापाशी जाऊन हंबरू लागलं. त्या आवाजावर खंड्या पाणी ओलांडून आला. चिंब भिजलेल्या पिंजूला कोंबडीने पंख उचलून आत घेतलं, जणू तिचं दहावं पिल्लूच.

केवड्याच्या बनात परीने जमिनीला कान लावला. गावातली धडधड थांबली होती. “निजला गो, माझा गाव निजला,” ती कुजबुजली आणि हसली. तिच्या पंखांतून उजेड सांडला, माळभर पसरला आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

तिसऱ्या दिवशी देवाने होकार दिला. तुळसा पिंजूला छातीशी धरून घरी आली आणि दारातच थबकली. छपरावर केवड्याच्या सोनेरी पातींची नवीकोरी, घट्ट विणलेली झापं होती. आये कितीतरी वेळ त्यांवरून हात फिरवत राहिली.

एक भोक मात्र परीने ठेवलं होतं. आये ते बुजवायला निघाली, पण तुळसाने तिचा हात धरला. त्यातून उन्हाचा एक गोल कवडसा खाली आला होता, आणि त्यात पिंजू पाय पसरून झोपला होता.