हौसाबाईचा फोटो

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ह्या सगळ्याला सुरुवात झाली.

एका गावात एक भोळा मुकादम होता. सदबा त्याचं नाव. नऊ वाजून नऊ मिनिटांपर्यंत तो मुकादम नव्हता. त्याच्या मावशीची, इंदूमावशीची, बेदाणा निवडायची शेड होती. आठ बायका तिथे बसून बेदाण्यातल्या काड्या निवडायच्या आणि पेट्या भरायच्या. मावशी लेकीच्या बाळंतपणाला निघाली. एसटीत चढता चढता म्हणाली, "सदबा, देवस्थानच्या प्रसादाच्या चाळीस पेट्या आहेत. शनिवारी ट्रक येईल. माल गेला तर तू कायमचा मुकादम. नाही गेला तर तुझं तू बघ."

तुझं तू बघ म्हणजे ऊसतोड. सदबाची बायको शेवंता मनातून हादरली. पोरगी चार महिन्यांची. तिला घेऊन पाचटात कुठे राहायचं?

गाडी सुटताना मावशी खिडकीतून ओरडली, "बायकांना जागेवरून हलू देऊ नकोस हो!"

सदबानं दिलं नाही. हौसाबाई पाणी प्यायला उठली. "बसा." फुलाबाईचा पाय आखडला. "बसा." दुपारी जेवायला घरी निघाल्या. "बसा." संध्याकाळचे सात वाजले तरी बायका बसलेल्या, आणि दारात त्यांची पोरं रडत उभी. शेवटी शेवंता आली, तेव्हा सुटल्या.

घरी शेवंता म्हणाली, "अहो, माणसं आहेत ती, पोती नव्हेत. कुणी जीव लावून काही केलं की कौतुक करावं. सगळ्यांसमोर टाळ्या वाजवाव्या."

"वाजवीन की."

मंगळवारी फुलाबाईला निरोप आला, सासरे गेले. फुलाबाईनं जो हंबरडा फोडला, तो पार वेशीपर्यंत ऐकू गेला. सदबा ऐकतच राहिला. मग उठला आणि टाळ्या वाजवायला लागला.

"वाजवा, वाजवा! इतका जीव लावून कुणी रडलंय का ह्या शेडमध्ये?"

फुलाबाईनं रडायचं थांबवून त्याला सूप फेकून मारलं.

"अरे देवा!" शेवंतानं कपाळाला हात लावला. "कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की हात जोडावे. फार वाईट झालं म्हणावं. घरी पाठवून द्यावं."

"हे आधी सांगायचंस ना."

बुधवारी हौसाबाई आपल्या जावेची गंमत सांगत होती. जावेनं म्हणे पाहुण्यांच्या चहात साखर समजून मीठ घातलं, आणि पाहुणे भिडेखातर दोन दोन कप प्याले. बायका हसून हसून लोळायला आल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सदबानं ते पाहिलं.

एकेकीसमोर जाऊन त्यानं हात जोडले. "फार वाईट झालं. घरी जा."

"अहो मुकादम, आम्ही हसतोय!"

"धीर धरा, बाई. घरी जा."

अकरा वाजता शेडला कुलूप. पेट्या भरल्या होत्या फक्त सात.

शेवंता पोरीला कडेवर घेऊन दारोदार फिरली. "या ना हो उद्या. नाही तर आम्हाला ऊसतोडीला जावं लागेल."

हौसाबाई म्हणाली, "तुझ्याकडे बघून येते गं. आधी त्या येड्याला आवर."

गुरुवारी सुतकातली फुलाबाई सोडून बाकी सगळ्या आल्या. कामाला मात्र जोर नव्हता. शेवंताला आठवलं, तिचा भाऊ पुण्याला कंपनीत आहे, तिथे काय करतात ते. ती म्हणाली, "ज्यानं सगळ्यांत जास्त काम केलं, त्याचा फोटो भिंतीवर लावतात. त्याला हुरूप येतो. बाकीच्यांनाही वाटतं, आपलाही लागावा."

"लावीन की."

शुक्रवारी हौसाबाईनं एकटीनं चौदा पेट्या भरल्या. चाळीसच्या चाळीस तयार! शेवंता किती दिवसांनी पोटभर जेवली.

सदबानं हौसाबाईच्या पोराकडून तिचा फोटो आणला, मोठा करून घेतला, काच बसवली. भिंतीवरचे फोटो त्यानं जन्मात दोनच पाहिले होते. एक त्याच्या वडिलांचा, एक आज्याचा. त्याप्रमाणेच त्यानं सगळं साग्रसंगीत केलं. झेंडूचा हार घातला. उदबत्ती लावली. खाली निरांजन ठेवलं.

शनिवारी हौसाबाई आधी गिरणीतून दळण आणायला गेली. बाकीच्या बायका शेडवर आल्या. भिंतीकडे पाहिलं, आणि एकच आकांत झाला.

तेवढ्यात ट्रक आला. ड्रायव्हर आत डोकावला. टोपी काढून हळूच म्हणाला, "अरेरे. कशानं झालं हो हे?"

सदबाची छाती फुगली. "कामानं! काल एका दिवसात चौदा पेट्या."

ड्रायव्हर एक पाऊल मागे सरला.

सदबा बायकांकडे वळला. त्यांना वाईट वाटतंय हे त्याला दिसत होतं. "रडू नका गं. अशाच काम करत राहा. एकेक करून सगळ्यांचे लागतील."

ड्रायव्हर थेट ट्रकमध्ये जाऊन बसला. "प्रसादाचा माल सुतकातला चालत नाही!" असं ओरडला आणि रिकामा ट्रक वळवला.

तेवढ्यात एकीकडून शेवंता आली. दुसरीकडून दळणाचा डबा घेऊन हौसाबाई आली. तिला पाहून दोघी तिघी जागच्या जागी बसल्या.

"अहो, हे काय केलंत!" शेवंता किंचाळली. "जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का?"

"मग कुठे घालतात?"

"गळ्यात! आणि उभे काय राहिलात? ट्रक अडवा! हौसाबाई जिवंत आहे हे त्याला दिसू दे!"

सदबाला पटलं. त्यानं फोटोचा हार काढला, हौसाबाईच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "पळा."

हौसाबाई पळाली. तोंडाला पीठ लागलेलं, पदर खोचलेला, गळ्यात झेंडूचा हार. "अरे थांब! थांब रे! मी आले!"

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. फोटोतली बाई, हारासकट, मागे लागलेली. त्यानं गाडी अशी सोडली की धुळीत रस्ता दिसेना.

तर ऐकणाऱ्यांनो, मावशी यायच्या आत एवढं करा. तुमच्या गावावरून निळ्या हौद्याचा रिकामा ट्रक भरधाव गेला, तर ड्रायव्हरला सांगा, पेट्या तयार आहेत आणि बाई धडधाकट आहे. पुढच्या गावालाही कळवा. आणि त्याच्या मागून हार घातलेली एक बाई पळत आली, तर तिलाही सांगा, की आता थांब. सदबानं तिला पळायला सांगितलंय, थांबायला कुणीच सांगितलेलं नाही.