कुसरवाडीचा हरकतीचा पार

घाट उतरून कुसरवाडीत शिरलं की चिंचेखाली एक दगडी पार लागतो. या गावात लग्न ठरलं की लगोलग मांडव पडत नाही. आधी तीन सोमवार गुरव पारावर उभा राहून खड्या आवाजात विचारतो, "या लग्नाला कुणाची हरकत?" पाहुणे गोंधळतात. गोंधळायचेच, ही रीत आमची नव्हे, साहेबाची, आणि तीही आम्ही अर्धीच घेतलेली.

गोऱ्यांच्या अमदानीत इथली ठकूबाई वर थंड हवेच्या गावी एका साहेबाच्या बंगल्यावर आया होती, असं सांगतात. तिनं अंगाखांद्यावर वाढवलेली साहेबाची लेक, हॅरिएट मिसीबाबा, एकोणीस वर्षांची झाली आणि पन्नाशीचा एक कर्नल चहाला येऊ लागला. तरण्या पोरीला पुरुषाशी एकटीनं बोलायची मुभा नाही, म्हणून ठकूनं चार हातांवर बसून राहायचं. साहेबलोक आपला जोडीदार आपणच निवडतात, असं तिनं ऐकलं होतं. मग ही पोर त्याच्याकडे न बघता सारखी आईकडे का बघते, ते काही तिला उमगेना. एके दिवशी कर्नलानं एक गुडघा जमिनीला टेकला. म्हाताऱ्याच्या पायात गोळा आला असं समजून ठकू तेलाची वाटी आणायला धावली म्हणे. परत येते तो पोरीच्या बोटात अंगठी आणि डोळ्यांत पाणी. आनंदाचं की कसलं, ते विचारायची सोय नव्हती.

पुढे दर रविवारी चर्चमध्ये पाद्री त्या दोघांची नावं वाचू लागला. दाराशी बसलेल्या ठकूनं बंगल्यावरच्या बटलर आंतोनला 'हे काय?' म्हणून खूण केली.

"लग्नाला कुणाची हरकत असेल तर बोला, असं तीन रविवार पुकारतात," तो म्हणाला.

"आन् पोरीला कवा इचारत्यात?"

"तिला विचारलंय की."

"कुणी? त्या कर्नलानंच न्हवं?"



तिसऱ्या रविवारी पाद्रीचं पुकारून झालं आणि ठकू उठली. "हाय! माझी हाय हरकत."

सगळ्या माना वळल्या. आंतोननं चाचरत इंग्रजीत सांगितलं. पाद्रीनं कारण विचारलं. ठकूकडे कारण कुठलं? आपली चाकरी आता जाणार, एवढंच तिला कळत होतं.

"मला काय ठावं? पोरीला इचारा की."

पाद्रीनं म्हणे हातातली पोथी दोनदा चाळली. पुकाराच्या जागी तसा प्रश्न तिच्यात नव्हता. शेवटी त्यानं तो आपल्या मनानं विचारला. हॅरिएट उठली, हातमोजा काढला, अंगठी बाकावर ठेवली आणि हे लग्न मला नको म्हणाली.

तिला पहिल्या बोटीनं विलायतेला धाडलं. पुढे तिचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. ठकूला त्याच दिवशी काढून टाकलं. आपण पोरीचं भलं केलं की वाटोळं, हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. पण पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा ती या पारावर चढली आणि तोच प्रश्न तिनं तीन सोमवार विचारला, पहिला पुतणीलाच.

आजही पहिलं उत्तर मुलीचं. बहुतेक जणी मान खाली घालून "नाही" म्हणतात. अठरा वर्षांपूर्वी मात्र सगुणा नावाच्या मुलीनं "आहे" म्हटलं. त्याआधी तशी वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळे पुढे काय करायचं ते जाणत्यांनाही सुचेना. मग तिचा बाप उठला, नवऱ्याकडून आलेला नारळ पारावर ठेवला, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाला, "चल बाय, घरी. जेवाया उशीर झालाय."